निळ्या दोरीची जुडी

मान टाकलेली भाजी उभी करायची असेल तर मला बोलवा. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. देठ बोटभर कापायचे, पिवळी पानं खुडायची, जुडी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवायची आणि चांगली झटकायची. तासाभरात पालक असा ताठ होतो, की आत्ताच शेतातून आलाय असं वाटावं. दुपारी परत मान टाकतो, पण तोवर तो कुणाच्या तरी पिशवीत गेलेला असतो.

मी टेकडीवरच्या मोठ्या दुकानात भाजीच्या विभागात काम करते. त्याच दुकानाची धाकटी शाखा खाली आमच्या वस्तीत आहे. वर रोज ताजा माल येतो. खाली काय येतं, तर वरच्यांनी चिवडून ठेवलेलं, शिळं, माझ्या टबातून निघालेलं. सकाळी व्हॅन तेच क्रेट घेऊन खाली जाते. वस्तीत दुसरं भाजीचं दुकान नाही. चिप्स, बिस्किटं आणि गोड पाण्याच्या बाटल्या मात्र पावलापावलावर मिळतात.

नोकरी आहे म्हणून मी हे निमूट करत आले. पण सुनेला दिवस गेले आणि माझा जीव टांगणीला लागला. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. या खेपेला सातवा लागला तरी अंगात रक्त म्हणून नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या घ्याच, पण पालेभाजी रोज पोटात गेली पाहिजे, तीही ताजी. आणि चढ अजिबात चढायचा नाही. म्हणजे वरच्या दुकानात तिनं जायचंच नाही. मुलगा जहाजावर कामाला, तो फोनवरून काळजी करणार. राहिले मी. तर आम्हा कामगारांना दुकान बंद झाल्याशिवाय खरेदी करता येत नाही, आणि तोवर ताज्या पाल्याचा पत्ता नसतो. चोरून आणावं म्हटलं तर दारात रखवालदार पिशव्या उलट्या करून बघतो.

मग मी डोकं लढवलं. खाली जाणाऱ्या क्रेटमध्ये रोज एक जुडी ताज्या मालातली सरकवायची आणि तिला फुलांच्या काउंटरवरची निळी दोरी बांधायची. बाकी सगळ्या जुड्यांना पांढरी दोरी असते. सुनेला सांगितलं, "निळी दिसली की डोळे झाकून उचल. पांढरीला हात लावू नकोस."

"का हो आई?"

"सांगते तेवढं कर."

टबाचं काही तिला सांगितलं नाही. सासू दिवसभर काय करते ते तिला कशाला कळायला हवं, असं मला वाटलं. खरं तर लाज वाटत होती.

सून दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहायची आणि निळी जुडी घेऊन यायची. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. मी मात्र जुडी सरकवताना रोज इकडेतिकडे बघायची. आमच्या साहेबांनी पाहिलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा. साहेबांच्या भीतीनं मी वरच लक्ष ठेवून राहिले आणि घोळ झाला खाली.

बायकांच्या नजरेतून काय सुटतंय? ही रोज निळीच का उचलते, हे शेजारणींनी हेरलं. मग त्याही निळीच मागायला लागल्या. खालच्या गल्ल्यावरचा माणूस काही दूधखुळा नव्हता. त्याला वाटलं असेल, यांना रंग आवडतो तर देऊ या रंग. त्यानं निळ्या दोरीचं रीळ आणलं आणि आलेल्या सगळ्या जुड्या निळ्या करून टाकल्या.

यातलं मला काही माहीत नव्हतं. नेमकी त्या दिवशी माझी सुटी, आणि मी सकाळीच बहिणीकडे गेले होते. संध्याकाळी परतले तर सून बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली, चेहरा पांढराफटक. उलट्या, जुलाब, सगळंच.

"आई," ती म्हणाली, "बाळ दुपारपासून हललं नाही."

ओट्यावर निळी दोरी पडली होती. करकचून गाठ मारलेली, माझी तर साधी सुरगाठ असते. शेजारी दुसरी जुडी होती. उकलून पाहिली तर वरची पानं हिरवीगार आणि आतली काळी, चिकट. देठ बोटभर कापलेले. ही कापणी मीच शिकवलीय सगळ्यांना.

"अगं, मी आज कामावर नव्हते. निळी आली कुठून?"

"सगळ्याच निळ्या होत्या. मला वाटलं, तुम्ही कालच बांधून ठेवल्या असतील. म्हणून दोन आणल्या."

दवाखान्यात तिच्या पोटावर पट्टा बांधला. यंत्रातून नुसती खरखर येत होती. नर्सबाई पट्टा सरकवत होती, परत सरकवत होती, आणि मी खाटेची दांडी घट्ट धरून उभी होते. मग कुठूनसे ठोके ऐकू आले. मी दांडी सोडली.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. "रात्रभर इथंच ठेवू. अजून निर्धास्त होऊ नका," म्हणाल्या. "काय खाल्लं होतं?"

"पालक," सून म्हणाली. "ताजाच होता. निळी दोरी होती."

बाईंना कळेना. त्या गेल्यावर मी सुनेला सगळं सांगितलं, टबापासून दोरीपर्यंत. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं छताकडे बघतच विचारलं,

"मग आई, पांढरी दोरी घेणाऱ्यांनी काय खाल्लं एवढे दिवस?"

खालच्या मजल्यावर रांगायला लागलेलं पोर आहे. समोरची बाई नुकतीच ऑपरेशन होऊन घरी आलीय. सगळी माझ्या ओळखीची माणसं.

सकाळी दवाखान्यातून तशीच कामावर गेले. टबात बर्फ पडला होता. माना टाकलेल्या जुड्या मी जशाच्या तशा क्रेटमध्ये रचल्या.

साहेब आले. "मावशी, आज बुडवल्या नाहीत?"

"नाही."

"अशा खाली कोण घेईल?"

"कुणी घेऊ नये, साहेब. माझी सून दवाखान्यात आहे. हेच खाऊन."

साहेब हळूच म्हणाले, "मला वर जाब द्यावा लागतो, मावशी. बुडवा. नाहीतर उद्यापासून यायला नको."

बाहेर व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. दवाखान्यातून अजून फोन नव्हता. मी ताज्या मालाच्या क्रेटकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "खाली पाठवायचं तर ते पाठवा." दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि टबापासून दूर तशीच उभी राहिले.