उपप्रमुखांचा अल्सर

जबाबदारी खऱ्या अर्थाने पेलणाऱ्या माणसाच्या पोटाला एक ना एक दिवस भोक पडतंच. बस कंपनीच्या वेळापत्रक विभागातल्या उपप्रमुखांची या सत्यावर अढळ श्रद्धा होती. ते भोक आहे की नाही हे अकरा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

रोज अकराच्या सुमारास पोटात आग पडली, की उपप्रमुख टेबलाच्या खणातून दुधाची बाटली काढायचे, डोळे मिटून दोन घोट घ्यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू कण्हायचे.

"साहेब, बरं नाही का?" कुणीतरी विचारायचंच.

"आठ नंबरची बस उशिरा येते ना," ते पोटावर बोट ठेवून म्हणायचे, "ती इथे अडकलीय."

या विभागाची रीतच होती तशी. जो सगळ्यांत जास्त झिजलेला दिसेल, खुर्ची त्याची. सध्याचे प्रमुख रक्तदाबावर आले होते, त्यांच्या आधीचे हृदयावर. ते तर खुर्चीतच गेले, म्हणून भिंतीवर फोटो त्यांचा. आता रक्तदाबवाले निवृत्त होत होते आणि दावेदार दोन होते: उपप्रमुख, आणि समोरच्या टेबलावरचे कंबरवाले. हे गृहस्थ कमरेचा पट्टा शर्टाच्या वरून बांधत. तरी उपप्रमुख निर्धास्त होते. मग बातमी आली, की कंबरवाल्यांनी अर्जाला एक्स-रे जोडलाय.

"काळीपांढरी फिल्म ती, त्यात काय कळतं?" उपप्रमुख घरी बायकोला म्हणाले. "माझा रंगीत फोटो असेल. दुर्बिणीने पोट तपासूनच घेतो."

"अकरा वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" बायको म्हणाली. अकरा वर्षं त्या घरात सगळं उकडलेलं आणि बिनतिखटाचं शिजत होतं. मिरचीचा डबा वरच्या फळीवर वनवास भोगत होता.

दवाखान्यात परिचारिकेने घशात कडू फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं आणि "आवंढा गिळा" म्हणत करंगळीएवढी जाड नळी आत सरकवली. उपप्रमुखांनी खुर्चीचं स्मरण केलं आणि गिळली.

नंतर डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. "जठर संपून लहान आतडं सुरू होतं, तिथे आहे. हा बघा."

"एवढासाच?"

"मसुरीच्या दाण्याएवढा. आणि जठराच्या अस्तराचा कण काढून तपासणीच्या पिवळ्या औषधात टाकला, तर ते गुलाबी झालं. जंतू आहेत."

"कामाच्या ताणाचे?"

"ताणाचे जंतू नसतात. अल्सर बहुतेक वेळा या जंतूंनी होतो, नाहीतर अंगदुखीच्या गोळ्यांनी. गोळ्या तुम्ही घेत नाही. जंतू बहुधा लहानपणीच शिरलेत."

"म्हणजे नोकरी लागायच्या आधी?" बायकोने विचारलं.

"शाळेत जायच्या आधीसुद्धा असेल."

उपप्रमुखांचा चेहरा उतरला. त्यांच्या अकरा वर्षांच्या निष्ठेचं श्रेय एका जंतूने पाळण्यातच लाटलं होतं.

"पण मी दूध घेतो रोज."

"घटकाभर बरं वाटतं. मग आम्ल आणखी सुटतं."

"आणि तिखट?" बायको खुर्चीसकट पुढे सरकली.

"तिखटाने अल्सर होत नाही. सोसेल तेवढं खा."

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुर्बिणीलाही इतकं आतलं दिसलं नसतं.

"चौदा दिवस या गोळ्या न चुकता घ्या. बरे व्हाल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"चौदाच दिवस?" उपप्रमुखांना तो अपमान वाटला. "निदान कागदावर 'कामाच्या ताणामुळे' एवढं तरी लिहा."

"मी दिसतं तेवढंच लिहिते. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर हातातलं काम टाकून इकडे या."

दहा दिवसांनी, मुलाखतीच्या सकाळी, रुमाल शोधताना बायकोच्या हाती गोळ्यांची पाकिटं लागली. एकही फोडलेलं नव्हतं.

"अहो, हे काय?"

"आज मुलाखत झाली की सुरू करतो. ठणठणीत होऊन गेलो, तर खुर्ची कोण देईल मला?"

"भोक पोटाला पडलंय ना? मग अक्कल कुठून गळाली?"

उपप्रमुखांनी रुमाल खिशात कोंबला. त्या सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं होतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मुलाखतीनंतर बघू, असं त्यांनी ठरवलं होतं.

बाहेरच्या बाकावर कंबरवाले पट्टा सोडून, तो मांडीवर घेऊन बसले होते. आत मोठ्या साहेबांनी रंगीत फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय आहे?"

"माझा अल्सर, साहेब. कंपनीच्या सेवेत झालेला."

"बरं. आणि वेळापत्रक?"

"कसलं?"

"बसचं. तुम्ही वेळापत्रक विभागासाठीच अर्ज केलाय ना?"

उपप्रमुखांना दरदरून घाम फुटला. मोठ्या साहेबांचे दोन साहेब झाले, मग एकही उरला नाही.

धप्प आवाज ऐकून कंबरवाले आत धावले, कमरेत वाकले, उपप्रमुखांना पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि दोन जिने धडाधड उतरून गाडीत नेऊन घातलं. पट्टा बाकाखाली पडला होता. मोठे साहेब जिन्याच्या टोकाशी उभे राहून बघत होते.

दवाखान्यात नळी पुन्हा आत गेली, रक्त थांबवलं, एक बाटली रक्त चढवलं. गोळ्यांचा ताबा आता बायकोकडे होता. गोळी गिळली की ती तोंड उघडायला लावायची, जीभ उचलायला लावायची आणि मगच पाण्याचा पेला हातातून घ्यायची. गोळ्या संपल्यावर महिन्याभराने उपप्रमुखांनी एका पिशवीत फुंकलं. श्वास तपासला, जंतू गेले होते. त्याच दिवशी मिरचीचा डबा खालच्या फळीवर आला.

खुर्चीवर एव्हाना चौकशीच्या खिडकीवरच्या बाई बसत होत्या. तिसरा अर्ज त्यांचा होता, हे दोन्ही दावेदारांच्या गावीही नव्हतं. अर्जाला त्यांनी आठ नंबरच्या बसचं नवं वेळापत्रक जोडलं होतं.

बाई रोज एक वाजता जेवतात. त्यांना कसलाही आजार नाही.