पाटीला थांबा दिसेना

ताईच्या नाटकात खुनाचा उलगडा दुसऱ्या अंकात होतो. प्रयोगाच्या दिवशी सकाळच्या तालमीत तो पहिल्याच मिनिटाला झाला.

बाबांना सहा वर्षांपासून ऐकू येत नाही आणि तेव्हापासून त्यांनी ताईचं एकही नाटक पाहिलेलं नाही. "नुसते ओठ हलताना बघायचे तर मासे काय वाईट?" म्हणून ते घरी बसतात. यंदा संवाद वाचता यावेत म्हणून आम्ही रंगमंचावर लाल अक्षरं उमटवणारी एक जुनी विजेची पाटी टांगली होती, आणि बाबांनी शर्ट इस्त्रीला टाकला होता.

पाटीची रीत साधी. एक ओळ दाखवून थांबायचं, दिवेवाल्या काकांनी बटण दाबलं की पुढची. पण ती थांबेचना. "चहा ठेवू का खून मीच केला साखर किती..."

"हिच्या पोटात काही राहत नाही रे," काका म्हणाले.

ताई माझ्याकडे वळली. "फाइल तू केलीस ना? शिकलेला म्हणून तुला सांगितलं होतं. संध्याकाळी बाबा येतायत."

नाटक एक्सएमएल फाइलीत होतं. कोण बोलतो, दिवा कधी विझतो, सगळं टॅगांमध्ये, म्हणजे कंसातल्या चिठ्ठ्यांमध्ये. टॅग सोलून साधा मजकूर काढणारा प्रोग्राम माझा. न दिसणारी चिन्हं दाखवणाऱ्या खिडकीत मी तो मजकूर उघडला. ओळ संपल्याच्या खुणा दोन असतात: 'डावीकडे परत जा' आणि 'खाली उतर'. टाइपरायटरला ही दोन्ही कामं वेगळी करावी लागत. माझ्या मजकुरात फक्त 'खाली उतर' होतं. पाटी जुन्या वळणाची. दोन्ही मानपान झाल्याशिवाय ती ओळ संपली असं मानतच नव्हती.

मग मी मूळ फाइलीत प्रत्येक ओळीला दोन्ही खुणा लावल्या. मजकूर पुन्हा काढला. "चहा ठेवू का खून मीच केला."

पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला लाजेपेक्षा कुतूहल वाढलं. आत दोन खुणा जातात, बाहेर एकच येते. मधली खातं कोण? जेवणाच्या सुट्टीत नियम वाचले, तेव्हा चोर सापडला आणि तो चोर नव्हताच. एक्सएमएल वाचणाऱ्याचा शिरस्ताच आहे: आत येणाऱ्या ओळीच्या शेवटी काहीही असो, एकच खूण ठेवायची. म्हणजे दारावरचा रखवालदार सगळ्यांच्या छत्र्या काढून घेत होता, आणि मी दर खेपेला नवी छत्री देऊन माणूस आत पाठवत होतो. छत्री द्यायची ती बाहेर पडताना. मजकूर लिहिताना प्रत्येक ओळ दोन्ही खुणांनी संपव, एवढंच प्रोग्रामला सांगितलं. पाटी थांबली.

संध्याकाळी बाबा दुसऱ्या रांगेत बसले. ताईने श्वास घेतला की काका बटण दाबत, आणि बाबा वाचायला चपळ. तिसऱ्या प्रवेशात ताईच्या तोंडून ओळ निघण्याआधीच ते एकटेच खदखदून हसले. त्यांच्या हसण्याला अख्खं सभागृह हसलं, आणि त्या गोंधळात ताईने जो विनोद केला तो कोणालाच ऐकू आला नाही.

पडदा पडल्यावर ताई रंग न पुसताच आली. "बाबा, माझा विनोद तुम्ही आधीच हसून संपवलात!"

बाबांनी सवयीने मान वर करून पाटीकडे पाहिलं. पाटी कोरी.

"टाइप कर की रे!" ताई म्हणाली. पाटीच्या संगणकासमोर बसून मी तक्रार जशीच्या तशी टाइप केली. बाबांनी ती सावकाश वाचली.

"बरं. पुढे?"

ताईने मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. काका बटणावर बोट ठेवून तिची ओळ संपायची वाट बघू लागले.