रविवारचा भाव

धाकटी परत आली ती दोन बॅगा, दुखरे गुडघे आणि पेन्शन-कचेरीचं एक पत्र घेऊन. परदेशात तेवीस वर्षं तिनं म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात चादरी बदलल्या होत्या. तिथलं पेन्शन आता तिला इथं मिळायचं होतं. पण कचेरीला तिथला पगार इथल्या पैशात मांडून हवा होता, आणि त्यासाठी दर वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा चलनाचा भाव. मधल्या सहा वर्षांची यादी खुद्द कचेरीकडंच नव्हती.

"मग शोधायला जायचं कशाला कुठं, वन्सं?" वहिनी म्हणाली. "घरातच बसलाय की फळा."

फळा म्हणजे दादा. परदेशी चलन बदलून देणाऱ्या दुकानात त्यांनी उभी हयात काढलेली. सकाळी नऊच्या ठोक्याला दाराबाहेरच्या काळ्या फळ्यावर ते खडूनं दोन आकडे लिहीत, घ्यायचा भाव आणि द्यायचा भाव. अक्षर इतकं गोल, की सगळा बाजार त्यांना फळेमास्तर म्हणायचा. संध्याकाळी फळा पुसण्याआधी तेच आकडे ते वहीत उतरवून घेत. मालकानं सांगितलं नव्हतं. पुसायचा जीव होत नसे, एवढंच.

"उद्या कागदावर उतरवून देतो," मास्तर म्हणाले. "वह्यांवर धूळ साचलीय, तुला शिंका येतील."

"तेवीस वर्षं औषधांच्या वासात काढली त्यांनी, त्यांना काय होतंय धुळीनं!" बायकोनं खाटेखालची ट्रंक ओढलीसुद्धा. वह्या जुन्या पिवळ्या फुलांच्या कापडात बांधलेल्या होत्या. मास्तरांचा हात त्या गाठीवर जरा जास्तच वेळ राहिला.

नवव्या वहीत एक शनिवार होता.

तेव्हा दर रविवारी अकराला धाकटीचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, काल किती लागला?" घरामागची खोली विकाऊ होती. तिच्या साठलेल्या पैशांत ती खोली कधी येईल, याचं गणित भावंडांनी केव्हाच घालून ठेवलेलं. भाव साठ झाला की खोली घ्यायची, आणि धाकटीनं कायमचं परत यायचं.

आईला अक्षर येत नव्हतं. पण त्या वर्षी ती आकडे शिकली. भाजीची पिशवी घेऊन दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी राहायची, फळा वाचायची आणि घरी येताना गुणगुणायची,

*चढ रे आकड्या, चढ तू पायरी,*
*लेक पैलतीरी उभी माझी.*

आकडा चढला. पंचावन्न, सत्तावन्न, एकोणसाठ. मार्चच्या शेवटच्या शनिवारी साठ. आई त्या आठवड्यात तापानं अंथरुणाला खिळून होती. रविवारी फोन वाजला, आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "अठ्ठावन्न. थांब जरा. पासष्टला जातोय बघ. खोलीला जोडून स्वयंपाकघर होईल तुझं."

पलीकडून ती म्हणाली, "बरं, दादा."

सोमवारी भाव घसरायला लागला. बुधवारी एक्कावन्न. पुन्हा साठ व्हायला चार वर्षं लागली. खोली तोवर दुसऱ्यानं घेतली, आणि आई तिसऱ्या वर्षी गेली. फळ्यावरचा साठ तिनं कधी पाहिलाच नाही.

आता धाकटी जमिनीवर पाय पसरून बसली, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. मास्तर वाचत गेले, ती लिहीत गेली. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. नववी वही आली तशी त्यांनी पानं मुठीत धरूनच उलटली आणि थेट डिसेंबर गाठला.

"मागं जा," धाकटी म्हणाली. "मार्चचा शेवटचा शनिवार."

"कचेरीला तो नकोय."

"मला हवाय."

धाकटीचा चष्मा बॅगेत होता. अठ्ठावन्न म्हटलं असतं तर तेही खपलं असतं. मास्तरांनी पान काढलं. आकडा तसाच होता, गोल आणि देखणा.

"साठ," ते म्हणाले. "धाकटे, मी तुला त्या दिवशी–"

"अठ्ठावन्न सांगितलंस. माहीत आहे मला."

"कसं?"

"दादा, फळा काय तुमच्याच दुकानाला होता का रे? मी राहायचे त्या गल्लीत तसली चार दुकानं. कामावर जाताना चारी फळे वाचून जायचे."

इतकी वर्षं खडू धरला, पण पल्याडही नऊच्या ठोक्याला कुणीतरी खडू घेऊन उभं असेल, हे मास्तरांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"मग दर रविवारी मला कशाला विचारायचीस?"

"तुझ्या तोंडून 'ये' ऐकायला." ती पेन्सिलीचं टोक बघत राहिली. "साठ मला दिसत होता, आणि तू अठ्ठावन्न म्हणालास. मला वाटलं, मी यायला नकोय तुम्हाला. वहिनीला अडचण होत असेल. आपण होऊन कसं यायचं, मग?"

दारात चहा घेऊन आलेली वहिनी तिथंच थबकली. "मला?" तिनं कप खाली ठेवले. "अहो वन्सं, मी पडदे शिवले होते हो त्या खोलीचे!" मग तिनं मास्तरांकडं पाहिलं. तसं तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. "साठ झाला होता?"

मास्तरांनी मान हलवली. "मला तिचं भलंच करायचं होतं," असं काहीसं ते बोलणार होते, पण ते वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकवेना.

"मग पडदे कुठं गेले, वहिनी?" धाकटीनं विचारलं.

वहिनीनं हनुवटीनं दाखवलं. धाकटीनं वह्यांखालचं ते पिवळ्या फुलांचं कापड ओढून घेतलं आणि काठावरून बोट फिरवलं. वरच्या कडेला नेफा होता, दोरी ओवायला. त्यात दोरी कधी गेलीच नव्हती. तिनं आपलं बोट आत घातलं, जाईल तिथवर नेलं, आणि तसंच राहू दिलं.

चहावर साय धरली.

"डिसेंबरचा वाच, दादा," धाकटी म्हणाली. "कचेरी चारला बंद होते."

"त्रेपन्न," मास्तर म्हणाले.

"पुन्हा सांग. ऐकू नाही आलं."

"त्रेपन्न गं."

तिनं डाव्या हाताचं बोट पडद्यात तसंच ठेवून उजव्या हातानं लिहून घेतलं.