तिसऱ्या अंकाचं भांडण

टण्ण!

दुपारच्या शांततेत कढईवरचं झाकण शीलाच्या हातून निसटलं, फरशीवर पडलं आणि एका जागी गरगर फिरत, आपला आवाज बारीक करत करत एकदाचं आडवं झालं. शीला श्वास रोखून पाळण्याकडे बघत राहिली. सात महिन्यांच्या कपिलने ओठ चोखले, मूठ उघडली, मिटली. झोपला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासऱ्यांची, पंजाबरावांची, हाक आली, "वा! शीला, अजून एक पाड नं!"

"मुद्दाम नाही पाडलं, बाबा."

"मंग मुद्दाम पाड. एक वाक्य येऊन राह्यलं होतं. दारातूनच वापस गेलं."

पंजाबरावांना शांततेत लिहिता येत नाही, हे वणीतल्या त्यांच्या सगळ्या आळीला ठाऊक होतं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी मुंबईच्या सिनेमांत संवाद लिहिले, तेही जनरेटरच्या शेजारी बसून, सेटवरच्या सुतारांच्या ठोकाठोकीत, हिरो गाडीतून उतरायच्या आत. हिरोच्या मांडीवर डोकं ठेवून मरणाऱ्या आया त्यांनी इतक्या लिहिल्या, की त्यांची बायको प्रभावतीबाई म्हणायच्या, "या मानसाच्या कागदावर ज्या बाईनं पाय ठेवला, तिनं पह्यले आपला विमा काढावा."

मुंबई सोडून पोराकडे आले, तरी सिनेमा काही अंगातून उतरला नव्हता. चहा फिका झाला की 'रिटेक', भाजी जमली की 'ओके', रात्री दिवा घालवताना 'पॅकअप'. सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला ते असे काही दमात घेत, की पाच वर्षांची नात समीक्षा टाळ्या वाजवायची.

वणीला आल्यापासून ते हिवाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या एका मंडळासाठी दरवर्षी एक नाटक लिहीत. गेल्या साली प्रभावतीबाई गेल्या, त्या वर्षी काही लिहून झालं नाही. मंडळाने जुनंच नाटक पुन्हा चालवलं. यंदा दोन अंक झाले होते. तिसरा हलायला तयार नव्हता.

"बायपासनं घात केला," पंजाबराव म्हणत. आधी कोळशाचे ट्रक दारावरून जायचे, मांडणीतल्या ताटल्या आपोआप वाजायच्या. प्रभावतीबाई गेल्या त्याच हिवाळ्यात बायपास सुरू झाला आणि ट्रक तिकडून गेले. दोरीवरचे पांढरे कपडे पांढरेच राहू लागले, आळीतल्या बायका खूश झाल्या. एकट्या पंजाबरावांना ती सुधारणा मानवली नाही.

शीलाची मात्र पंचाईत. कपिलला झोपायला चिडीचूप घर लागायचं आणि पंजाबरावांना लिहायला कल्ला, आणि घर दोनच खोल्यांचं. तिचा नवरा धम्मरत्न कोळसा खाणीत होता. त्याने वडिलांसाठी डंपरचा आवाज मोबाइलवर भरून आणला. तो लावल्याबरोबर कपिलने भोकाड पसरलं आणि पंजाबराव म्हणाले, "अरे, हा डंपर रिव्हर्सले हाय. रिव्हर्सवर सीन पुढं कसा जाईन?"

झाकण पडलं त्या दुपारीच मंडळाचे मालक फुलचंद यांचा फोन आला. पंजाबरावांना ऐकू कमी येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. सगळं स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

"जय भीम, फुलचंदभाऊ! तिसरा अंक होऊन राह्यला."

"पंजाबरावजी, हे तं तुम्ही पोळ्यापासून म्हनून राह्यले. रविवारी मी तालमीले लोक बसवतो. नसन होत तं तसं सांगा. एक पोरगं हाय नजरेत, भराभर लिवून देते."

"चांगलं लिवते?"

"मोबाइलवर लिवते."

"मंग चांगलंच लिवत असन," पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी फोन पालथा ठेवला.

शीला चहा घेऊन गेली. ते हसले. "दोन सालं नवं नाटक नाही आलं, तं लोक काय म्हनतीन, मालूम? गेला म्हनतीन पंजाबराव. अन् मी इथं जिताजागता चहा पिऊन राह्यलो."

चहा फिका होता. गडबडीत तिने पत्ती कमी टाकली होती. पण त्यांनी रिटेक मागितला नाही. घोट घोट करत मुकाट्याने पिऊन टाकला. ते शीलाला फार लागलं.

"अडलं कुठं, बाबा?"

"नवरा मुलुखभर फिरून घरी येते. बायको त्याले भांडते. बस, एवढंच." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "आईक. 'नाथ, आपल्या विरहाच्या वणव्यात मी वर्षानुवर्षं जळत राहिले...'"

शीलाने पदराने तोंड दाबलं, पण हसू सुटलंच. "ही भांडून राह्यली का आरती ओवाळून राह्यली?"

"तेच तं! भांडन येतच नाही कागदावर."

स्वयंपाकघरात परतल्यावर, कणीक मळता मळता, शीलाच्या ध्यानात आलं. ट्रक होते तेव्हा या घरात आणखी एक आवाज होता. सासूबाईंचा. सकाळी चूल पेटली की तो सुरू व्हायचा: ओल्या टॉवेलवरून, संपलेल्या तेलावरून, भेंडीत किडकी निघाली त्यावरून. आणि आत पंजाबराव मान खाली घालून भराभर लिहीत असायचे. सगळ्यांना वाटायचं, त्यांचं लक्ष नाही. एकदा नाटक बघायला शीला सासूबाईंबरोबर गेली होती. नायिका नवऱ्याला फाडफाड बोलत होती, लोक शिट्ट्या मारत होते आणि सासूबाई पुढच्या रांगेत ताडकन उभ्या राहिल्या. "हे तं माह्यं हाय! भेंडीवरून म्हनलं होतं मी याले!"

बायपासने काही नव्हतं नेलं.

शीलाच्या लग्नाला सात वर्षं झाली, सासऱ्यांसमोर आवाज चढवायची वेळ कधी आली नव्हती. तिने कणकेचा गोळा परातीत आपटला.

"बाबा, ओला टॉवेल पलंगावर काहून टाकला?"

"आँ? काय म्हनलं?"

"काही नाही."

परत शांतता. पाळण्याची दोरी तेवढी कुरकुरली. शीलाने डोळे मिटले आणि आवाज पोटातून काढला.

"ओला टॉवेल पलंगावर! कितीदा सांगावं एखाद्या मानसाले? दोरी काय शोभेसाठी बांधली?"

आत खुर्ची करकरली. मग कागदावर पेन सरकल्याचा बारीक आवाज.

शीलाला जोर आला. "अन् चहा! दिवसातून सहादा चहा, अन् त्यातले दोन रिटेक! साखर काय तुमचा प्रोड्यूसर पाठवते? आरशाले दमात घेता, फुलचंदभाऊले काहून नाही घेत? तिथं तं 'होऊन राह्यला, होऊन राह्यला'! चष्मा कपाळावर, अन् सारं घर मी धुंडाळू!"

पेन धावत होतं. कपिल उठला नाही. आईचाच आवाज होता तो, त्याला काय त्याचं.

"रातभर हे लेकरू मले जागवते, दिवसा तुम्ही. झाकन पाड म्हनता! मी कधी झोपू, सांगा? साऱ्या दुनियेच्या आयांचे सीन लिहिले, माह्या झोपेचा सीन कोन लिहीन?"

हे कुठून आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

दारात शेजारच्या बसंतीबाई हातात पाखडायचं सूप घेऊन उभ्या. "अवं शीला! सासऱ्याले असं बोलतेत? झालं काय?"

"बसंतीबाई!" आतून पंजाबराव गरजले. "मधात येऊ नका! तिसरा अंक चालू हाय!"

बसंतीबाईंनी क्षणभर विचार केला आणि सूप बाजूला ठेवून उंबऱ्यावर बैठक मारली. "मंग बसू द्या मलेबी. मंडपात तं मांगं बसावं लागते."

पोळ्या होईपर्यंत अंक झाला. बसंतीबाई डोळे पुसत, हसत घरी गेल्या. पंजाबरावांनी फुलचंदांना फोन लावला. "रविवारी नाही, उद्याच ये. अन् त्या पोराले सांग, मोबाइल चार्ज करून ठेव म्हना, पुढच्या सालासाठी." त्यांचा आवाज कसा, आरशापुढचा होता.

मग त्यांनी हाक मारली. "शीला, ते एक वाक्य सुटलं माह्याकडून. ते झोपेचं. अजून एकदा म्हन नं."

शीला दारात आली. तोंड उघडलं. म्हणता येईना.

पंजाबरावांनी तिच्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं. "राहू दे. ते नाटकात नाही घालत."

ते उठले. पलंगावरचा टॉवेल उचलून दोरीवर टाकला, वाकडातिकडा का होईना. मग पाळण्याशी खुर्ची ओढून दोरी हातात घेतली. "जा, पड घडीभर. पॅकअप."

शीला पलंगावर आडवी झाली. टॉवेलची ओल गादीत उतरली होती, पाठीला गार लागत होतं. पलंगाखालून खुडबुड झाली आणि समीक्षा बाहेर आली, हातात पाटी, नाकाला खडू. सगळं भांडण तिने तिथूनच ऐकलं होतं. तिने आबांकडे पाहिलं, मग आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, तू आबाले खरं खरं रागावली होती, का नाटकातलं?"