सोळानंतरची पुस्तकं

सकाळी चहाचा कप घेऊन बाई टेबलाशी बसल्या, गठ्ठ्यातलं पहिलं पान पुढे ओढलं आणि त्यांना छापखान्याचा राग आला. यायचं होतं शाळेच्या भूगोलाचं प्रूफ, आणि पाठवलं होतं भलत्याच लिपीतलं काहीतरी. वर रेघ होती, रेघेला लोंबणारे आकारही होते, पण एकाशीही ओळख पटत नव्हती.

"अहो," त्यांनी पुढच्या खोलीत हाक मारली, "हे कुठल्या भाषेतलं पाठवलंय, बघा जरा."

पुढच्या खोलीत त्यांचे यजमान कुणाचं तरी शिलाई मशीन खोलून बसले होते. बिघडलेली मशीनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. तेलाचे हात पुसत ते आले, पान डोळ्यांपासून लांब धरलं आणि म्हणाले, "आपल्याच भाषेतलं आहे की. नद्यांची खोरी, असं लिहिलंय वर."

"सकाळी सकाळी थट्टा नको."

"थट्टा कशाला करू?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारखा जागच्या जागी होत्या. महिन्याच्या नावाच्या जागी मात्र काळं काहीतरी वळवळत होतं. त्या उठल्या आणि दाराच्या उजव्या चौकटीवर खांदा आपटून मटकन खाली बसल्या. ती चौकट त्यांना दिसलीच नव्हती.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात पेन दिलं. "काहीही लिहा. मनात येईल ते."

बाईंनी झरझर लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, मोत्याच्या दाण्यांसारखं. डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला, नाडी पाहिली, जेवणाखाण्याचं विचारलं आणि मग कागद पुन्हा पुढे केला. "आता वाचा."

बाईंनी कागद उलटसुलट फिरवून पाहिला. शेवटी म्हणाल्या, "हे मी लिहिलंय?"

"मला घरी जायचं आहे, असं लिहिलंय तुम्ही."

मेंदूत रक्ताची एक गुठळी अडकली होती. हात शाबूत, बोलणं शाबूत, आठवण शाबूत. फक्त डोळ्यांनी पाहिलेल्या अक्षराची ओळख पटवणारी वाट बंद झाली होती आणि उजवीकडची थोडी नजर गेली होती. आकडे तेवढे ओळखता येत होते. असं का, ते डॉक्टरीणबाईंनाही नीट सांगता आलं नाही. "काही जणांना हळूहळू थोडं परत येतं," त्या म्हणाल्या. थोडं म्हणजे किती, हे बाईंनी विचारलं नाही.

बाई छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. एका चुकलेल्या वेलांटीसाठी अख्खं पान परत पाठवायच्या, म्हणून तिथे त्यांचं नावच वेलांटीबाई पडलं होतं. पण पोटापाण्याचं वाचन वेगळं आणि स्वतःचं वेगळं. स्वतःसाठी वर्षाला बावन्न पुस्तकं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. दर वर्षी नवी जाड वही: क्रमांक, पुस्तकाचं नाव, पानं, आणि खाली मनातलं एक-दोन ओळींत. तिथे कुणाची भीडभाड नव्हती. 'शेवटच्या चाळीस पानांत लेखकाला घरी जायची घाई झाली आहे.' 'नायिका चांगली आहे, लेखकाला ती कळलेली नाही.' 'दोनदा वाचलं, दोन्ही वेळा रडले, कारण सापडलं नाही.' लेक झाली त्या वर्षी आकडा एकोणपन्नासवर अडकला, तर पुढच्या वर्षी पंचावन्न करून त्यांनी ती उणीव भरून काढली होती.

यंदाच्या वहीत एप्रिलच्या मध्यावर सोळा झाली होती.

इस्पितळातून आल्यावर तिसऱ्या दिवशी, मिस्त्री बाजारात गेलेले पाहून, बाईंनी कपाटातल्या एकतीसही वह्या खाली काढल्या. जमिनीवर बसून एकेक उघडली. स्वतःचंच अक्षर, आणि सगळं परकं. उजेडात धरलं, एक डोळा मिटून पाहिलं, नाक टेकेल इतकं जवळ नेलं. समासातले आकडे तेवढे भेटले. एक, दोन, तीन, थेट बावन्नपर्यंत, वहीमागून वही. मिस्त्री परतले तेव्हा बाई वह्यांच्या पसाऱ्यात तशाच बसलेल्या होत्या.

"काय शोधतेयस?"

"काही नाही. धूळ पुसतेय."

मग वाचन परत आल्याचं सोंग त्या करू लागल्या. दुपारी खुर्चीत बसायचं, पुस्तक मांडीवर घ्यायचं, अंदाजाने पान उलटायचं. आठवड्याने वहीत सतरा लिहून खाली दोन ओळी खरडायच्या. मिस्त्रींनी आयुष्यात मशीनच्या माहितीपुस्तिकेपलीकडे काही वाचलं नव्हतं, त्यांना काय कळणार, असा बाईंचा हिशेब. पण मिस्त्रींची नजर कारागिराची. नव्या पुस्तकाची दोन पानं कडेला कापायची राहून चिकटलेली होती. बाई एरवी पट्टी घालून ती आधी सोडवायच्या. या वेळी पुस्तक संपलं, वहीत नोंद झाली, आणि पानं तशीच चिकटलेली.

 दुसऱ्या दिवशी मिस्त्री चष्मा लावून समोर बसले, ते पुस्तक पहिल्या पानावर उघडलं आणि मोठ्याने वाचू लागले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. उद्या कुणी घास भरवला, तर मी स्वयंपाक केला म्हणायचं का?"

"उपाशी तरी राहणार नाहीस," मिस्त्री म्हणाले आणि पुढची ओळ वाचू लागले.

ते वाचायचे भयंकर. जोडाक्षर आलं की खड्ड्यात चाक गेल्यासारखे अडायचे; स्वल्पविरामावर न थांबता वाक्याच्या मधोमध दम घ्यायचे. बाई दातओठ खात ऐकायच्या. "प्रश्न आहे तो, प्रश्नासारखा विचारा." मिस्त्री पुन्हा वाचायचे. पण रोज दोन तास, ग्राहक दारात ताटकळला तरी. जून गेला, जुलै गेला. परगावी नोकरीला असलेली लेक फोनवर म्हणाली, "आई, मोजून टाक गं, काय फरक पडतो?" शेवटी बाईंनी सोंगाचं सतरा खोडलं, वहीत नवा रकाना पाडला, त्यावर 'कानाने' असं लिहिलं आणि सतरापासून पुन्हा सुरुवात केली.

त्यानंतर त्यांना आकड्याचं वेडच लागलं. वाचता येण्याजोगं तेवढंच उरलं होतं. सकाळी उठल्या उठल्या वही उघडायची, तेवीस बघायचं. "आज संपेल ना? डिसेंबरपर्यंत होतील ना?" जेवताना विचारायचं, झोपताना विचारायचं. इस्पितळातली वाचा-उपचार करणारी मुलगी म्हणाली होती, डोळ्यांनी ओळख पटत नसेल तर अक्षर बोटाने गिरवून बघा, हाताला आठवेल. तिने पुढे ठेवला मुळाक्षरांचा तक्ता, चित्रांसकट. ज्या हाताने तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्या हाताने पहिलीतल्या पोरासारखा 'क' गिरवायचा? चार वेळा जाऊन बाईंनी तिथे जाणं सोडलं. त्यापेक्षा मिस्त्रींचा खडबडीत आवाज परवडला. आवाजाबरोबर आकडा पुढे सरकत तरी होता.

नोव्हेंबर संपला तेव्हा छत्तीस झाली होती. सदतिसावं पुस्तक होडी चालवणाऱ्या दोन भावांचं. थोरल्याची बायको बोलायला फटकळ, दोघांना धारेवर धरणारी. बाईंना ती फार आवडली होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मिस्त्री वाचू लागले, तर थोरला एकटाच चुलीशी बसून भात शिजवत होता.

"थांबा. बायको कुठे गेली?"

"गेली असेल माहेरी."

"ती कशाला जाईल माहेरी? परवाच तर धाकट्या दिराला म्हणाली, मी मेले तरी या घरातून हलणार नाही."

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. बाईंनी हात पुढे केला, पुस्तक घेतलं आणि पानाच्या कोपऱ्यात पाहिलं. एकशे बारा. काल खूण घातली होती ती त्यांनी स्वतः पाहिली होती. अठ्ठ्याऐंशी.

"चोवीस पानं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आधीच्या पुस्तकांतही?"

मिस्त्रींनी मान डोलावली.

"किती पुस्तकांत?"

"बऱ्याच. थोडी थोडी."

बाई उठल्या, वही आणली, पेन उघडलं. सतरापासून छत्तीसपर्यंत एकेका आकड्यावर आडवी रेघ मारली. वीस रेघा. प्रत्येक रेघ सरळ. मग वही मिटून त्या म्हणाल्या, "बावन्नाचा आकडा भरून दिला की ही बाई खूश, असं वाटलं तुम्हाला. गोष्टीचं काय, तिला कुठे कळतंय."

"रोज आकडा तूच विचारतेस."

"कारण मला दुसरं काही दिसत नाही!"

मिस्त्री तेलाने काळवंडलेलं नख खरवडू लागले. "आकड्यासाठी नाही गाळली मी पानं," ते म्हणाले. "ती बायको आजारी पडते त्यात. महिनाभर अंथरुणावर असते, आणि मग जाते. त्या आधीच्या पुस्तकात तो मास्तर इस्पितळात होता. त्याच्या आधी ती म्हातारी. तू इथे समोर बसलेली, आणि ते मोठ्याने मला म्हणताच येईना. जीभ उचलत नाही. मग पुढचं पान घ्यायचो."

 एप्रिलपासून बाई स्वतःचंच दुःख उराशी धरून बसल्या होत्या. या माणसालाही धास्ती असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण म्हणून राग ओसरला नाही. राग होता आणि त्याच्या शेजारी हेही येऊन बसलं होतं.

"वाचा," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशीपासून."

"अगं..."

"तुम्ही गाळलंत म्हणून ती वाचली का? वाचा."

दोन दुपारी लागल्या. मिस्त्री अडखळत होते, पण या वेळी जोडाक्षरांमुळे नव्हे. थोरला बायकोला पेज भरवतो, ती तोंड फिरवते, त्या पानावर त्यांचा आवाज बंदच पडला.  मग बाईंनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. मिस्त्रींचं बोट जिथे थांबलं होतं तिथे स्वतःचं बोट ठेवलं आणि पहिला आकार गिरवला. काहीच नाही. पुन्हा गिरवला. खालून वर, वाटोळं, मग दांडी. हाताला ओळख पटली. च. पुढचं म. पुन्हा च, आणि त्याला काना.

"चमचा," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान हलवली. बाई पुढे गेल्या. ती एक ओळ संपायला पाव तास लागला. कपाळावर घाम आला, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला झाली. ओळ अशी होती: चमचा तसाच भरलेला राहिला.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण बाईंनी पानावरच्या ओळी मोजल्या. चोवीस. एका ओळीला पाव तास, पानाला सहा तास. दिवसाला दोन तास बसलं तर तीन दिवसांना एक पान. एकशे वीस पानांचं पुस्तक म्हणजे एक वर्ष. गणित तोंडीच झालं, आणि ते झाल्यावर एप्रिलपासून पहिल्यांदाच बाई ओक्साबोक्शी रडल्या. पुढची वीस वर्षं धडधाकट राहिल्या, तरी वीस पुस्तकं. कपाटात न वाचलेलीच दीडशे होती.

मिस्त्रींनी समजूत घातली नाही. पाणी आणून ठेवलं आणि पुढच्या खोलीत जाऊन मशीनचा आवाज सुतासारखा सरळ होईपर्यंत तेल घालत राहिले.

होडी चालवणाऱ्या भावांचं पुस्तक एकही पान न गाळता पुरं झालं. वर्षाअखेर वहीतला आकडा होता सतरा. छापखान्याच्या मालकांना बाईंनी पत्राने कळवलं की आता आपल्याकडून काम होणार नाही. पत्र त्यांनीच लिहिलं, मिस्त्रींनी वाचून दाखवलं.

नव्या वर्षाच्या वहीत उद्दिष्ट लिहिलं, एक. दुपारी मिस्त्री वाचायचे ते वेगळं, त्याची नोंद मागच्या पानांवर. सकाळचे दोन तास बाईंचे आणि त्यांच्या बोटाचे. त्यासाठी त्यांनी कपाटातलं सगळ्यात कमी पानांचं, मोठ्या टायपातलं पुस्तक निवडलं, एका डोंगरातल्या गावची हकिगत. जानेवारी गेला. बोटाच्या टोकाला घट्टा पडला. कधी दिवसभरात सहा ओळी व्हायच्या, कधी अक्षरं अशी फितूर व्हायची की बाई पुस्तक भिंतीवर भिरकावायच्या. फेब्रुवारी सरताना त्या एकोणिसाव्या पानावर होत्या.

त्या सकाळी मिस्त्रींनी पाहिलं, बाई पुस्तक मिटून नुसत्याच बसल्या आहेत.

"काय झालं? दिसत नाहीये का?"

"दिसतंय." बाईंनी पुस्तक पुढे सरकवलं. "वाईट आहे हो हे पुस्तक."

"म्हणजे?"

"म्हणजे टुकार. एकोणीस पानं झाली, नुसती झाडांची वर्णनं. माणूस म्हणून नाही कुठे. पूर्वी मी हे पंधरा मिनिटांत बाजूला टाकलं असतं."

"मग टाक."

"दोन महिने गेलेत माझे यात."

 मशीन असतं तर मिस्त्रींनी उपाय सांगितला असता.  तासाभराने बाई वही पुढे ओढून लिहू लागल्या: 'क्र. १. एकोणिसाव्या पानावर सोडलं. लेखकाला झाडं आवडतात आणि तो ती कुणालाही सावलीसाठी वापरू देत नाही.' लिहून झाल्यावर वही मिस्त्रींकडे सरकवली. ते वाचताना मध्येच हसले, आणि बाईंनी विचारलं, "कुठे हसलात? कुठल्या शब्दावर?"

त्यांनी शब्द दाखवला. बाईंनी तो बोटाने गिरवून पाहिला. मग उठून कपाटाशी गेल्या आणि पुस्तकांच्या पाठीच्या जाडीवरून अंदाज घेत दुसरं पुस्तक शोधू लागल्या. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची होती, मार्च तोंडावर आला होता, आणि हातात आलेलं पुस्तक आधीच्यापेक्षा जाड होतं.