‘निर्दोष’ हा शब्द खोडताना

न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला होता, आणि तोही कैदी रोझेल टॉलिव्हरच्याच शब्दांवर बोट ठेवून.

तुरुंगाच्या लायब्ररीत व्हर्जिल साइक्सनं निकाल वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. खोट्या चेकांपायी आत आलेला हा म्हातारा सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचा. स्वतःचं एकही अपील त्याला जिंकता आलं नव्हतं, पण तोरा मात्र सरन्यायाधीशाचा.

"मला न विचारता अर्ज खरडलास ना? भोग आता," तो म्हणाला. "तुझी तक्रार काय? गुन्हा कबूल केलास तर पाच वर्षांत सोडतो, असं खटल्याआधी सरकार म्हणत होतं आणि वकिलानं ते तुझ्या कानावर घातलंच नाही. मग पानापानावर ‘मी निर्दोष आहे’ कशाला लिहिलंस, येड्या? न्यायाधीश म्हणतो, जो आजही स्वतःला निर्दोष म्हणवतो त्यानं तेव्हा कबुली दिलीच नसती."

"इथं सगळेच तसं लिहितात."

"म्हणून तर सगळे इथंच आहेत."

रोझेलची शिक्षा बावीस वर्षांची होती. आता अपिलात तो शब्द खोडायचा आणि एकदा साक्षी तरी ऐका म्हणून विनवायचं. पण साक्षीला कोण?

"घरी विचार," व्हर्जिल म्हणाला. "तुझ्याशी नाही, तर तो वकील बोलला कुणाशी?"

घरी म्हणजे रोझेलची आई. ट्रकमध्ये पोलिसांना सापडलेलं कोकेन आपलं नव्हतं, मित्राचं होतं, असं त्यानं तिला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. धादांत खोटं. तिनं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

फोनच्या रांगेत मागचे कैदी कुरकुरत होते. त्यानं तिकडे पाठ करून विचारलं.

"आला होता की तो वकील!" अलाबामातून आई, अर्लीन, म्हणाली. "खटल्याच्या आधी. म्हणे, पोरानं कबूल केलं तर पाच वर्षांत घरी. मी म्हटलं, माझ्या लेकानं केलंच नाही ते कबूल करायचं? हो चालता! व्हरांड्यातूनच हाकलला मेल्याला, बर्फ घातलेला गार चहासुद्धा विचारला नाही."

तिच्या आवाजात अजून अभिमान होता. तो ऐकून रोझेलला स्वतःची किळस आली.

"आई, माल माझाच होता."

मध्येच फोनच्या यंत्रातली बाई ठरल्याप्रमाणे बोलली, हा फोन तुरुंगातून आला आहे.

"म्हणजे मीच तुला आत अडकवलं," अर्लीन म्हणाली.

"तू नाही गं. मी खोटं बोललो म्हणून झालं हे. कोर्टात सांगशील? तो माझ्याकडे आलाच नाही, तुझ्याकडे आला होता म्हणून?"

"सांगेन. जे केलं ते सांगेन." ती रडत होती. "पण तू तिथं बसू नकोस, रोझेल. तुझ्यासमोर मला तोंड उघडायचं नाही."

फोनची वेळ शिल्लक असतानाच तिनं फोन ठेवला.

लायब्ररीत व्हर्जिल कागद मांडून बसला होता. "मिळाला का साक्षीदार?"

"आई. वकिलाला तिनंच हाकललं होतं. लिही." रोझेल खाली बघत म्हणाला, "आणि ती बोलताना मला बाहेर ठेवा, असं लिहिता येतं का?"

"काहीतरीच काय! अर्जदार तू. शपथ देऊन तुलाही विचारणार की, तेव्हा कबूल केलं असतंस का," व्हर्जिल म्हणाला. "तुला अगदी तिच्यासमोरच बसवतील."