कान विभागाचा नंबर

"अहो वायरमन, आटपा लवकर. चारला पाहुणे येतायत," रुग्णालयाचे अधीक्षक खालून म्हणाले.

शिडीवरच्या वायरमनचा हात पडद्यामागच्या स्क्रूवर थबकला. पडद्यावर वीतभर उंचीचा आकडा होता, सत्तेचाळीस. बाकांवरची माणसं त्याच्याकडे डोळे लावून बसली होती.

"तपासणी तरी संपू द्या साहेब. अजून वीस-बावीस जण आहेत."

"ओरडून बोलावतील. आधी नव्हते का बोलावत?"

बोलावत होते. चार वर्षांपूर्वी याच दाराशी त्याच्या आईलाही बोलावलं होतं, तीनदा. कान विभागाच्या दाराशी बसलेल्या म्हातारीला स्वतःचा नंबर ऐकू आला नाही, म्हणून कारकुनाने तिचा कागद तळाशी सरकवला. असे तीन मंगळवार ती सकाळपासून दुपारपर्यंत बसून परत गेली. त्या वेळी तो वरच्या मजल्यावर ट्यूब बदलत होता. "तुला कशाला खाली बोलवायचं, साहेब तुला बोलले असते," असं ती नंतर म्हणाली. तोवर कानातला पू आत उतरला होता आणि उरलंसुरलं ऐकणंही गेलं होतं.

मग तो शिकायला बसला. भंगारात निघालेले टीव्ही दुरुस्त केले आणि प्रत्येकाच्या पाठीला तळहाताएवढा स्वस्तातला कॉम्प्युटर चिकटवला. ते चालवणारं सॉफ्टवेअर जगात कुणीतरी फुकट खुलं ठेवलं होतं. अडलं की तो मोडक्यातोडक्या भाषेत अनोळखी लोकांना विचारायचा आणि ते उत्तरं द्यायचे. मीटरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर ठेवून त्याने त्यावरून अकरा पडदे चालवले. दाराशी बसलेल्या कारकुनाने बटण दाबलं की आकडा बदलायचा. आकड्याखाली त्याने स्वतः एक ओळ लिहिली होती: 'बसून राहा, तुमचा नंबर चुकणार नाही.' अडीच वर्षांत कुणाचा चुकला नव्हता.

त्याने पडदा उतरवला. बाकांवर चुळबुळ सुरू झाली.

रुग्णालयाला नवे पडदे देणाऱ्या कंपनीची इंजिनिअर मुलगी एक नवा, रुंद पडदा जोडत होती. तो सुरू झाला आणि वायरमन शिडी हातात धरून तसाच उभा राहिला. तोच पिवळ्यावर काळा आकडा, खाली तीच ओळ. फक्त वरच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह होतं.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची प्रत साहेबांनीच दिली आम्हाला. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

तो अधीक्षकांकडे वळला. "साहेब, हे तर मी केलेलं आहे."

"तुम्ही विकत आणलं होतं का ते?"

"नाही. फुकटच असतं ते. सगळ्यांसाठी खुलं."

"मग झालं तर. तुम्ही उचललंत, त्यांनी उचललं." अधीक्षक हसले. "आणि हो, आईंना साडेतीनला घेऊन या. त्यांचा सत्कार आहे."

उचलण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण आईला बोलावलं म्हणजे दोन शब्द आपल्याबद्दलही बोलतील, असं त्याला घरी जाताना वाटत राहिलं. आईला तर खात्रीच होती. त्याच्या ओठांवरून 'सत्कार' हा शब्द वाचताच ती इस्त्री तापवायला उठली.

"शर्ट बदल. तुलाही वर बोलावतील. असा कळकट जाऊ नकोस."

बरोबर चारला आईला व्यासपीठावर बसवलं. वायरमनला माइकच्या मशीनपाशी, मागच्या भिंतीला उभं केलं. आवाज घुमला तर सांभाळायला माणूस हवा होता.

कंपनीच्या अध्यक्षांनी गुच्छ दिला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. "या आजींचे कान कशाने गेले? इथल्या माणसांच्या बेपर्वाईने. यांचा स्वतःचा मुलगा इथे नोकरीला आहे. त्यालासुद्धा आईसाठी काही करावंसं वाटलं नाही. शेवटी कंपनीला करावं लागलं."

सभागृहातल्या माना मागे वळल्या. अधीक्षक खाली मान घालून कार्यक्रमपत्रिका वाचत होते. इंजिनिअर मुलगी दाराबाहेर निघून गेली. माइक घुमू लागला, तसं वायरमनने बटण थोडं मागे फिरवलं. अध्यक्षांचा आवाज अगदी स्वच्छ झाला.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या, त्याही थांबल्या. आईने सगळ्यांना मागे वळून बघताना पाहिलं होतं. तिला राहवलं नाही. स्वतःचा आवाज किती मोठा होतो, हे तिला आता कळत नसे.

"काय रे, तुझंच सांगत होते ना?" तिने व्यासपीठावरूनच विचारलं.

माना पुन्हा मागे वळल्या. वायरमनने तिच्याकडे पाहिलं आणि ठळकपणे दोनदा होकारार्थी मान हलवली.

आईने गुच्छ मांडीवर ठेवला आणि त्या शांततेत ती एकटीच पुन्हा टाळ्या वाजवू लागली.